‘त्यांच्याबद्दल का नाही?’

बुवाबाजीविरोधात कुणी बोलायला उभे राहिले की मागच्या रांगेतून एक प्रश्न हमखास येतो : ‘हे सगळे आम्हालाच का? त्यांच्याबद्दल बोला की!’ अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी हा प्रश्न उभे आयुष्य ऐकला. जादूटोणाविरोधी कायदा हिंदूंच्या मुळावर आहे, हा प्रचार 20 ऑगस्ट 2013 रोजी त्यांची हत्या होईपर्यंत चालूच होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने मंजूर केलेला तो कायदा प्रचार करणाऱ्यांपैकी कितीजणांनी वाचला असेल? भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला साखळीने बांधणे, साप चावलेल्याला दवाखान्यात नेण्यापासून अडवणे, नरबळी असे प्रकार त्याने गुन्हे ठरवले. एका धर्मापुरता त्यातला एकही नाही. घर, देऊळ, दर्गा, गुरुद्वारा, चर्च येथली निरुपद्रवी उपासना तर त्याने स्पष्ट शब्दांत वगळली आहे. मारहाण करणारा मांत्रिक गंडा बांधतो की ताविज, याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही.

म्हणून प्रश्नच खोटा, असे म्हणून सुटता मात्र येणार नाही. सेक्युलर म्हणवणाऱ्याने सर्व धर्मांवर सारखी टीका करावी काय? आमचे उत्तर असे की निकष सारखा हवा, प्रमाण सारखे असण्याचे कारण नाही. टीका म्हणजे रेशनचे धान्य नव्हे, की प्रत्येक कार्डावर तेवढेच किलो पडले पाहिजेत. प्रथेने कुणाला इजा होते, ती नाकारण्याची मुभा त्या माणसाला आहे का आणि लादणाऱ्याच्या हाती सत्ता किती आहे, हे पाहायचे. मग टीकेचा रोख देशागणिक आणि काळागणिक बदलणारच.

सप्टेंबर 2022 आठवावा. डोक्यावरचा रुमाल नियमाप्रमाणे नाही म्हणून तेहरानमध्ये नीतिरक्षक पोलिसांनी ताब्यात घेतलेली महसा अमिनी 16 तारखेला मरण पावली. त्याच महिन्यात दिल्लीत सर्वोच्च न्यायालयासमोर कर्नाटकातल्या मुलींचे म्हणणे मांडले जात होते. हिजाब घातला म्हणून त्यांना कॉलेजचे दार बंद झाले होते. तिथे सक्तीच्या विरोधात उभे राहायचे आणि इथे बंदीच्या, यात काहींना दुटप्पीपणा दिसला. वास्तविक दोन्हीकडे प्रश्न एकच होता : बाईच्या डोक्यावर काय असावे, हे सरकारने ठरवायचे काय? हिजाबामागच्या शालीनतेच्या कल्पनेवर टीका जरूर करावी, तशी ती घुंघटावरही करावी. पण मुलीला वर्गाबाहेर काढणे ही टीका नव्हे. धर्माची चिकित्सा आणि धर्म पाळणाऱ्यांचा छळ यांतला फरक ज्याला करायचाच नाही, त्याच्या तोंडी ‘समान टीका’ हे शब्द आले की सावध व्हावे.

आता दुसरी बाजू, आणि ती सेक्युलर मंडळींना झोंबणारी आहे. 18 एप्रिल 1966 रोजी मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईत विधान भवनावर गेले. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, एवढीच मागणी. समाजवादी वर्तुळातल्या काही मित्रांनी साथ दिली. पण देशभरच्या पुरोगाम्यांना हा माणूस एकंदरीत अडचणीचाच वाटला. अल्पसंख्याकांना दुखवायचे नाही, या सबबीखाली त्या समाजातल्या मौलवींना जपले गेले आणि बायकांना वाऱ्यावर सोडले गेले. 1985 मध्ये तलाकनंतर पोटगी मागणाऱ्या शाहबानोच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, तर पुढच्याच वर्षी राजीव गांधी सरकारने संसदेत कायदा करून तो निष्प्रभ केला. एका दमातला तलाक घटनाबाह्य ठरायला 2017 उजाडले. दलवाईंच्या मोर्चानंतर 51 वर्षांनी! या मधल्या गप्प बसण्याचा हिशेब पुरोगाम्यांनी अजून दिलेला नाही, आणि तो दिल्याशिवाय मागच्या रांगेतल्या त्या प्रश्नाची धार जाणार नाही.

पण प्रश्न विचारणाऱ्यांचे काय? 2012 मध्ये विलेपार्ल्याच्या एका चर्चमध्ये क्रुसावरील येशूच्या मूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. विवेकवादी कार्यकर्ते सनल एडामरुकू यांनी तुंबलेले गटार आणि भिंतीत झिरपून वर चढणारे पाणी दाखवून चमत्काराचे कारण सांगितले. त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या 295-अ कलमाखाली तक्रारी झाल्या आणि त्यांना फिनलंड गाठावे लागले. ‘त्यांच्याबद्दल बोला’ म्हणणाऱ्यांपैकी एडामरुकूंसाठी रस्त्यावर कोण उतरले? दाऊदी बोहरा समाजातले सुधारक बहिष्कार सोसत होते, तेव्हा त्यांच्या दारी कोण गेले? दलवाईंचे मुस्लिम राजकारणावरचे लेखन आज उत्साहाने पसरवले जाते. हिंदू पुनरुज्जीवनवादावर त्यांनी ओढलेले आसूड तेवढे गाळले जातात. दुसऱ्या धर्मातल्या बाईचे दुःख यांना दिसते ते स्वतःच्या धर्मातली बाई काही मागू लागली की. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश देण्याचा विषय निघाला की हाजी अलीचा दर्गा आठवतो. ऑगस्ट 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हाजी अलीचा गाभाराही स्त्रियांना खुला केला, तर ते उदाहरण विस्मरणात गेले.

निकष सारखा ठेवणे म्हणजे काय, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे पाहावे. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ लिहिणारी लेखणी पाकिस्तानवरील ग्रंथात मुस्लिम समाजातल्या पडद्यावर आणि जातिभेदावरही तेवढ्याच कठोरपणे चालली. पुढे जो बौद्ध धम्म स्वीकारला, त्याच्या परंपरागत मांडणीलाही त्यांनी सूट दिली नाही. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’च्या प्रस्तावनेत सिद्धार्थाच्या गृहत्यागाच्या रूढ कथेपासून चार आर्यसत्यांपर्यंत अनेक गोष्टींवर त्यांनी प्रश्न उभे केले आहेत. आपल्या धर्माची चिकित्सा आधी आणि जास्त करावी, कारण तिथे आपले ऐकले जाण्याची शक्यता असते; तसेच नुसत्या द्वेषापोटी बोलतो, असा आरोप चिकटणे तिथे अवघड जाते.

14 नोव्हेंबर 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शबरीमला मंदिरातल्या स्त्री-प्रवेशाच्या फेरविचारासोबत आणखी विषय मोठ्या खंडपीठाकडे धाडले : मशिदीत आणि दर्ग्यात मुस्लिम स्त्रियांना प्रवेश, पारशी नसलेल्याशी लग्न केलेल्या पारशी स्त्रीला अग्यारीत प्रवेश, दाऊदी बोहरा मुलींची खतना. गाऱ्हाणी तीन धर्मांतली, पण गठ्ठा एकच. यातल्या प्रत्येक प्रकरणात आपण बाईच्या बाजूने आहोत की देवस्थानाच्या, याचे उत्तर धर्माचे नाव झाकून आधी कागदावर लिहून ठेवायला काय हरकत आहे? राजकीय पक्षांपैकी हे करायला कोण तयार आहे, ते तरी कळेल.