एचएमपीव्ही : विषाणूच्या नावापेक्षा बाळाचा श्वास पाहा

६ जानेवारी २०२५ रोजी बंगळुरूमधील ३ आणि ८ महिन्यांच्या दोन बाळांना एचएमपीव्हीची लागण झाल्याचे जाहीर झाले. पाठोपाठ नागपूरमधील दोन संशयित मुलांची बातमी आली. त्या आठवड्यात दवाखान्यात येणारे बहुतेक पालक एकच विचारत होते, "डॉक्टर, हा तोच व्हायरस तर नाही ना?" प्रश्न स्वाभाविक होता. पण विषाणूचे नाव कळल्याने उपचार फारसे बदलत नाहीत. मूल श्वास कसे घेत आहे, यावर ते ठरतात.

हा विषाणू नवा नाही. २००१ मध्ये नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांनी तो शोधला, पण त्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून तो माणसांमध्ये फिरत होता. पाच वर्षांची होईपर्यंत बहुतेक मुलांना तो एकदा तरी होऊन जातो. सर्दी, खोकला, ताप येतो आणि बहुतेक मुले घरीच बरी होतात. यावर खास औषध किंवा लस उपलब्ध नाही. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही.

आजार कोणाला जड जातो?

एक वर्षाखालील बाळे, विशेषतः अपुऱ्या दिवसांची, तसेच हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार, दमा किंवा कमी प्रतिकारशक्ती असलेली मुले. त्यांच्या बारीक श्वासनलिका सूज आणि कफामुळे लवकर अरुंद होतात.

चकवणारी लक्षणे

श्वसनाचा कोणताही विषाणू असो, लहान मुलांत लक्षणे नेहमी सर्दी-खोकल्याचीच दिसतील असे नाही.

• अगदी लहान बाळाला ताप नसतो, पण ते दूध ओढत नाही, मलूल पडते. कधी त्याचा श्वास काही सेकंद थांबतो.
• मूल पोट दुखते म्हणून रडते आणि तपासल्यावर न्यूमोनिया निघतो.
• फ्लूचा ताप उतरता उतरता मूल पोटऱ्या धरून बसते, चालत नाही. हे बहुधा आठवडाभरात बरे होते. पण लघवी चहासारखी गडद झाली तर लगेच दाखवा.
• सहा महिने ते पाच वर्षे वयात तापात झटका येऊ शकतो. मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि दवाखाना गाठा.

श्वास कसा मोजावा?

बाळ शांत किंवा झोपलेले असताना कपडे वर करून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त श्वास असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, बाळ कण्हत असेल, ओठ निळसर दिसत असतील, सहा ते आठ तास लघवी झाली नसेल किंवा श्वास मध्येच थांबत असेल, तर थेट रुग्णालयात न्या. दोन महिन्यांखालील बाळाला ताप आला तर घरी वाट पाहूच नका.

घाईतले औषध

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात साध्या सर्दी-तापासाठी दिलेल्या खोकल्याच्या औषधाने अनेक मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू झाले. त्यातील अनेकांवर नागपुरात उपचार सुरू होते. औषधात डायएथिलिन ग्लायकॉल हे विष सापडले. त्यानंतर केंद्राने पुन्हा बजावले, की दोन वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा टाळावीत. मेडिकलमधून परस्पर बाटली आणणाऱ्या प्रत्येक घराने हे लक्षात ठेवायला हवे.

नाकात सलाइनचे थेंब, थोडे थोडे दूध-पाणी, वजनानुसार पॅरासिटामॉल आणि विश्रांती, एवढ्यावर बहुतेक मुले बरी होतात. ॲस्पिरिन मुलांना देऊ नका.

पुढच्या हिवाळ्यात आणखी एखाद्या विषाणूचे नाव बातम्यांत येईल. तेव्हा मोबाइल बाजूला ठेवा आणि एक मिनिट बाळाच्या पोटाकडे पाहा.