गूगलवर वर यायला किती महिने द्यावेत?

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांत पर्यटनाचा खरा हंगाम पावसाळ्याचा. जूनच्या मध्यावर भिवपुरी आणि आषाण्याचे धबधबे वाहू लागतात, कोंडाण्याच्या लेण्यांकडे आणि कोथळीगडाकडे जाणाऱ्या वाटा माणसांनी भरतात आणि शनिवार-रविवारी फार्महाउसवाल्यांचे फोन थांबत नाहीत. सप्टेंबर सरला की हा ओघ ओसरतो. एसईओचे, म्हणजे वेबसाइट गूगलच्या शोधात वर आणण्याचे काम करणारा इथल्या एखाद्या नव्या कृषी पर्यटन केंद्राच्या मालकाला सांगतो, ‘परिणाम दिसायला सहा महिने ते वर्ष लागेल.’ मुंबईतल्या वकिलाला किंवा कापडदुकानदाराला हे सहा महिने म्हणजे सहा महिनेच. इथे मात्र मे महिन्यात काम सुरू केले, तर त्या सहा महिन्यांत अख्खा हंगाम हातचा जातो. म्हणूनच किती थांबायचे, हा या भागात तंत्राइतकाच घरच्या हिशेबाचा प्रश्न आहे.

मालकाची बाजू आधी घेतली पाहिजे, कारण पैसा त्याचा जातो. दोन-चार खोल्या बांधताना काढलेल्या कर्जाचा हप्ता पावसाची वाट पाहत नाही. गवंड्याने दिवसभरात किती भिंत उचलली हे संध्याकाळी दिसते. एसईओवाल्याने महिनाभर काय केले हे दिसत नाही. त्यात ‘महिन्याभरात पहिल्या पानावर आणतो’ असे फोन करणाऱ्यांची कमी नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात म्हटले आहे. अशा बाजारात ‘सहा महिने थांबा’ हे वाक्य मालकाला सबबीसारखे वाटले, तर त्याला दोष देता येणार नाही.

मात्र प्रामाणिकपणे काम करणाऱ्याचेही म्हणणे खोटे नाही. गूगलला आधी नवे पान सापडावे लागते, मग ते त्याच्या नोंदीत यावे लागते आणि मग त्याच विषयावरच्या जुन्या पानांशी त्याची तुलना होते. 2017 मध्ये गूगलच्या माइल ओहे यांनी एका व्हिडिओत सांगितले होते, की सुधारणा करून त्यांचा लाभ दिसू लागायला बहुतेकदा चार महिने ते एक वर्ष लागते. त्याच वर्षी ‘एचरेफ्स’ या कंपनीने केलेल्या पाहणीत नव्या पानांपैकी जेमतेम 5.7 टक्के पाने वर्षभरात एखाद्या तरी शोधासाठी पहिल्या दहांत पोहोचल्याचे आढळले. त्यातच गूगल आपली क्रमवारीची पद्धत अधूनमधून बदलत असते. मार्च 2024 मधला तसा एक बदल पूर्ण लागू व्हायला 45 दिवस लागले. त्या काळात वर-खाली झालेल्या क्रमांकाचे कारण काम करणाऱ्यालाही नेमके सांगता आले नसते.

मोबाइलवर ‘कर्जत रिसॉर्ट’ असे टाकून पाहिले, तर दोघांच्याही म्हणण्याचा अर्थ कळतो. वर बहुधा जाहिराती असतात. त्याखाली नकाशा आणि त्यावरची काही ठिकाणे. मग मोठ्या बुकिंग साइटच्या याद्या. त्या वर्षानुवर्षे तिथे बसलेल्या आहेत. बरेच खाली गेल्यावर एखाद्या मालकाची स्वतःची वेबसाइट भेटते. या शब्दांवर नव्या साइटने वर्षभरात वर यावे, ही अपेक्षा अवाजवी आहे. दुसरीकडे, ‘खांडसजवळ भीमाशंकर ट्रेकसाठी मुक्काम’ किंवा ‘पेज नदीकाठी एक दिवसाची सहल’ असे शोधणारे थोडे असले, तरी त्यांना नीट उत्तर देणारी पानेही थोडीच आहेत. तिथे काही महिन्यांतही जागा मिळू शकते.

या भागाची एक जास्तीची अडचण आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातही कर्जत हा तालुका आहे. खालापूर तालुक्यातले वरदविनायकाचे महड आणि रायगड जिल्ह्यातलेच चवदार तळ्याचे महाड, यांचे इंग्रजी स्पेलिंग एकच होते. पानावर रायगड, नेरळ, खोपोली, मध्य रेल्वेचे स्टेशन, एक्स्प्रेसवेवरून कुठे उतरायचे याचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर दुसऱ्याच गावाचा शोध घेणारा माणूस तिथे येतो आणि लगेच परत जातो. हे दुरुस्त करायला वर्ष लागत नाही. एक दुपार पुरते.

नकाशाचे घड्याळ तर वेगळेच चालते. स्थानिक निकाल ठरवताना शोधाशी असलेला मेळ, अंतर आणि ठिकाणाची प्रसिद्धी पाहिली जाते, असे गूगल सांगते. नकाशावरची खूण शेताच्या नेमक्या फाटकावर ठेवणे, चालू फोन नंबर, खरे फोटो, पोहोचण्याची वाट, यांचा परिणाम काही दिवसांत किंवा आठवड्यांत दिसू शकतो. खूण थोडी सरकली, तरी पाहुण्यांची गाडी रात्री उल्हास नदीच्या भलत्याच काठावर जाऊन उभी राहते, पाहुणे चिडतात आणि तो राग रिव्ह्यूमध्ये उतरतो. प्रसिद्धी मात्र सावकाश साचते. नेरळच्या सगुणा बागेत शेखर भडसावळे यांनी 1985 च्या सुमारास कृषी पर्यटन सुरू केले, तेव्हा गूगलचा जन्मही झाला नव्हता. तिथल्या भातशेतीच्या पद्धतीबद्दल शेतकरी बोलले, वर्तमानपत्रांनी लिहिले. इतरांनी आपणहून घेतलेली अशी दखल विकत घेता येत नाही. ती विकत घेण्याचा प्रयत्न करणाऱ्यांवर, म्हणजे पैसे देऊन लिंक लावणाऱ्यांवर, गूगलने क्रमवारीतल्या एप्रिल 2012 च्या ‘पेंग्विन’ नावाच्या बदलापासून कडक नजर ठेवली आहे.

एवढे थांबण्यापेक्षा जाहिरात द्यावी, बुकिंग साइटला कमिशन द्यावे, रील टाकावेत, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा वजनदार आहे. पहिल्या हंगामात खोल्या भरायच्या असतील, तर तोच व्यवहार्य मार्ग आहे. शिवाय ऑगस्ट 2024 पासून भारतातही गूगल अनेक शोधांवर एआयने तयार केलेले उत्तर सर्वांत वर दाखवू लागले आहे. ज्या पानाचे रूपच बदलते आहे त्यावर जागा मिळवायला वर्ष का घालवायचे, हा प्रश्न रास्त आहे. तथापि जाहिरातीचे पैसे थांबले की फोनही थांबतो, आणि मध्यस्थाकडून आलेला पाहुणा पुढच्या वेळीही बहुधा मध्यस्थाकडेच जातो. शिवाय एआयचे उत्तरही कोणाच्या तरी पानांवरूनच तयार होते.

या सगळ्याचा विचार करता वेबसाइटच्या कामाला पूर्ण एक वर्ष द्यावे, असे माझे मत आहे. यामागचे मुख्य कारण गूगलपेक्षा इथला पाऊस आहे. जूनमध्ये भेटी वाढल्या की एसईओवाला श्रेय घेतो, ऑक्टोबरमध्ये घटल्या की मालक त्याला काढतो. दोघेही ऋतूचीच मोजणी करत असतात. एखाद्या जुलैत अपघातांमुळे प्रशासनाने धबधब्यांवर बंदी घातली, तर शोधच कमी होतात. तेव्हा या जुलैची तुलना गेल्या जुलैशी करावी लागते आणि त्यासाठी मधले वर्ष पार पडावे लागते.

पण वर्ष द्यायचे म्हणजे वर्षभर डोळे मिटून पैसे द्यायचे, असे नाही. काम दसऱ्यानंतर सुरू व्हावे, म्हणजे पावसाआधी आठ महिने मिळतात. दोन महिन्यांत पाने गूगलच्या नोंदीत आली पाहिजेत. चौथ्या-पाचव्या महिन्यात सर्च कन्सोल या गूगलच्या साधनात साइट शोधात किती वेळा दिसली हा आकडा वाढलेला हवा, क्लिक थोडे असले तरी चालतील. हेही नसेल, तर फेब्रुवारीतच काम थांबवावे. यावर आक्षेप येईल, की दसऱ्यानंतरचे महिने मालकासाठी कोरडे असतात आणि फी तेव्हाच द्यायची. आक्षेप खरा आहे. त्यावर मला एकच मार्ग दिसतो : सुरुवातीच्या दुरुस्त्यांची रक्कम वेगळी ठरवावी, पुढची मासिक फी लहान ठेवावी आणि उरलेला भाग हंगामात द्यावा. एसईओवाल्यालाही घर आहे, त्यामुळे सगळी रक्कम निकालावर टांगणे न्याय्य नाही.

जो मे महिन्यात जागा होतो, त्याने त्या वर्षी नकाशावरची नोंद, फोन लागेल असे एक साधे पान आणि गरजेपुरती जाहिरात एवढ्यावर भागवावे, मोठा करार ऑक्टोबरवर टाकावा. आणि डोमेन, नकाशावरची नोंद व सर्च कन्सोल ही तिन्ही खाती पहिल्या दिवसापासून मालकाच्या स्वतःच्या ईमेलवर असावीत; कारण दुसऱ्या वर्षी माणूस बदलावा लागला, तर मागच्या जुलैचे आकडे त्याच्याबरोबर जाता कामा नयेत.