दहावा खंड आणि उत्तरकांड

लांबलचक कथेच्या शेवटाकडच्या खंडावरून वाचक जितके भांडतात, तितके पहिल्या खंडावरून कधी भांडत नाहीत. पहिला खंड आवडला नाही तर माणूस तो मिटून ठेवतो आणि विसरतो. दहाव्या खंडापर्यंत आलेल्याला तसं करता येत नाही. त्याची वर्षं त्यात गेलेली असतात, पात्रं घरच्यासारखी झालेली असतात.

माझं माहेर येडगाव. भाचा हिंजवडीत नोकरीला आहे आणि सुट्टीला गावी येतो. रॉबर्ट जॉर्डन या अमेरिकी लेखकाची ‘द व्हील ऑफ टाइम’ ही चौदा खंडांची अद्भुत कादंबरीमाला त्यानं वाचायला घेतली आणि दहाव्या खंडात अडकला. ‘‘आत्या, शेकडो पानं झाली, गोष्ट जागची हलत नाही. नवव्या खंडाच्या शेवटी एवढं मोठं घडलं आणि आता सगळे नुसते त्याच्यावर बोलत बसलेत!’’ २००३ साली हा खंड निघाला तेव्हा जगभरच्या वाचकांनी हीच तक्रार केली होती. पुढे २००७ मध्ये मालिका अपुरी ठेवून जॉर्डन वारले. त्यांच्या पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडूगल यांनी ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाची निवड केली, जॉर्डन यांच्यावर त्यानं लिहिलेला श्रद्धांजलीचा मजकूर वाचून. जॉर्डन यांच्या टिपणांवरून त्यानं शेवटचे तीन खंड लिहिले, त्यांतला अखेरचा २०१३च्या जानेवारीत आला. आता भांडण असं की, जॉर्डनची चव त्यात उतरली की नाही.

भाच्याला हे सगळं नवं वाटत होतं. मला मात्र आमच्या देवळातला चातुर्मास आठवला.

कल्पित कादंबरी आणि श्रद्धेचा ग्रंथ मी एका पारड्यात तोलत नाही. पण ऐकणारा माणूस दोन्हीकडे सारखाच असतो. आमच्याकडे एकनाथांचं भावार्थ रामायण लागायचं. सुमारे ४० हजार ओव्यांचा ग्रंथ, एका चातुर्मासात उरकणं शक्यच नाही. आषाढीला चौरंगावर पोथी सोडायची, रात्री जेवणं झाली की एकानं ओवी वाचायची, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा आणि कार्तिकी आली की लाल फडक्यात पोथी बांधून ठेवायची. युद्ध अर्ध्यावर असो, नाहीतर लक्ष्मण मूर्च्छित पडलेला असो, पुढचं पुढच्या आषाढीला. मधले आठ महिने उसाला पाणी देताना, कांदा काढताना बायका-पुरुष पुढे काय होणार यावर बोलायचे. गोष्ट सगळ्यांना पाठ होती, तरी बोलायचे.

आणि तिथंही शेवटाकडच्या खंडाचा वाद होताच. परंपरा सांगते की, युद्धकांडाचे ४४ अध्याय झाले आणि नाथांनी १५९९ साली देह ठेवला. उरलेलं युद्धकांड आणि सगळं उत्तरकांड त्यांच्या गावबा या शिष्यानं पूर्ण केलं. पुरणपोळीच्या ओढीनं नाथांघरी राहिलेलं, मंदबुद्धीचं म्हणून हिणवलं गेलेलं पोर, अशी त्याची कथा लोक सांगतात. अशा माणसाच्या हाती एवढा ग्रंथ सोपवला गेला, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. देवळातली दोन म्हातारी माणसं दरवेळी त्या जागी आली की हुज्जत घालायची. एक म्हणायचे, पंचेचाळिसाव्यापासून गोडी उतरली. दुसरे म्हणायचे, सांधा दाखवा, मग बोला. सांधा कुणालाच बोट ठेवून दाखवता यायचा नाही.

त्यापेक्षा मोठा वाद म्हणजे उत्तरकांड वाचायचं की नाही. राज्याभिषेकाला समाप्ती करावी, पुरणपोळीचं जेवण घालावं आणि पोथी उठवावी, असं पुष्कळांचं मत. त्याला आधारही आहे. वाल्मीकींच्या युद्धकांडाच्या शेवटी फलश्रुती येते, म्हणजे कथा तिथं संपल्याची खूण आहे. उत्तरकांड मागाहून जोडलं गेलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. शिवाय त्याची सुरुवात कथा पुढे नेत नाही. अगस्ती ऋषी रामाला रावणाच्या कुळाची हकिकत सांगत बसतात, अध्यायामागून अध्याय. ज्याला मारून झालं त्याचा जन्म आता कशाला ऐकायचा? भाच्याची दहाव्या खंडाची तक्रार याहून वेगळी नाही.

मला मात्र हा भाग फार मोलाचा वाटतो. येडगावचं धरण तसं लहान. पण माणिकडोहातून सोडलेलं, डिंभ्याच्या डाव्या कालव्यानं आणलेलं पाणी इथं जमतं आणि इथून कुकडीच्या डाव्या कालव्यानं पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याकडे जातं. वर काय झालं त्याचा हिशेब इथं लागतो. लांब कथेचा उशिराचा खंड असाच असतो. वेग मंदावतो, कारण मागचं सगळं येऊन साठत असतं. जिंकणाऱ्यानं हरलेल्याचं चरित्र बसून ऐकावं, यासाठी थांबायला हवंच होतं.

पुढे सीतेचा त्याग येतो. त्या रात्री माझी आजी देवळात जायची नाही. ओसरीवर सुपात हुलगे घेऊन बसायची, खडे वेचायची आणि पोथीला का आली नाही असं कुणी विचारलं तर म्हणायची, ‘‘मला माहितीय काय झालं ते. ते त्यांनी सांगायला नको.’’ मग तिचं ती गायला लागायची. पहाटे जात्यावर म्हणायच्या ओव्या, रात्री, हुलगे वेचता वेचता. त्या ओव्यांतलं उत्तरकांड पोथीतल्यासारखं नव्हतं. तिच्या ओव्यांत धोब्याचं बोलणं हे कारण नव्हतंच. कैकयी सीतेला विचारते, रावण दिसायला कसा होता? सीता म्हणते, मी वर पाहिलंच नाही, पायाचा अंगठा तेवढा पाहिला. तोच काढून दाखव, म्हणून सासू भिंतीवर अंगठा काढवून घेते, उरलेला रावण स्वतः पुरा करते आणि रामाला बोलावून दाखवते.

असं चित्र काढणारी सासू बायकांनी कुठून आणली? ती त्यांच्या घरात होती. परक्या माणसाच्या एका वाक्यावरून गरोदर बाईला कुणी रानात सोडतं, हे त्यांना पटलं नाही. घरातलंच कुणीतरी आधी कान भरतं, हे त्या रोज बघत होत्या. पोथीवरचं त्यांचं मत त्यांनी कुणाला सांगितलं नाही, त्यांनी प्रसंगच नव्यानं रचला. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी १९८०च्या दशकापासून गावोगावच्या अशा ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. मुळशीच्या डोंगरातल्या बायांपासून त्यात कितीजणी आहेत, आणि सीतेचा वनवास त्यांनी पुन्हा पुन्हा गायला आहे.

हे मत विदर्भात जमिनीपर्यंत गेलं आहे. यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात रावेरी नावाचं गाव आहे. तिथं सीतेचं एकटीचं मंदिर आहे, शेजारी राम नाही. सोडून दिलेली सीता बाळंत झाल्यावर मूठभर गव्हासाठी गावात फिरली, कुणी दिले नाहीत, तिनं शाप दिला आणि रावेरीत गहू पिकेनासा झाला, अशी तिथली कथा. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी या मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी पुढाकार घेतला. टाकलेल्या बायकांचा प्रश्न मांडायला याहून योग्य जागा त्यांना मिळाली नसती.

पुरुषांनीही हा खंड मागून घेतलेला आहे. १९८८च्या जुलैत रामानंद सागरांची दूरदर्शन मालिका राज्याभिषेकापाशी संपली. आमच्या गावातही समाधान पसरलं, आता गोड झालं. पण पंजाबात जालंधर आणि आणखी काही शहरांत सफाई कामगारांनी काम बंद ठेवलं. वाल्मीकींना आपले पूर्वज आणि गुरू मानणारा हा समाज. वाल्मीकी ऋषी कथेत खरे उभे राहतात ते उत्तरकांडात, सीतेला आसरा देताना, लव-कुशांना शिकवताना. तोच भाग गाळला तर त्यांच्या वाट्याला काय उरलं? अखेर पुढची मालिका काढावी लागली.

आणि गदिमांनी तर गीतरामायणाची सुरुवातच या खंडातून केली. १ एप्रिल १९५५ला पुणे आकाशवाणीवर पहिलं गीत लागलं ते कुश-लव रामापुढे गातात त्या प्रसंगाचं. म्हणजे सीतेचा त्याग होऊन गेलेला आहे आणि तिची मुलं बापाला बापाचीच गोष्ट ऐकवतायत. ५६ गीतांतलं शेवटून दुसरं सीतेनं लक्ष्मणाला विचारलेल्या प्रश्नाचं आहे. गोड शेवट सहज करता आला असता, गदिमांनी केला नाही. त्यांच्याबद्दलच्या माझ्या आदराचं हे सर्वांत मोठं कारण आहे.

म्हणून भाच्याला मी एवढंच म्हटलं की, दहावा खंड सोडू नकोस, चिडून वाच, पण पुढे जा. तक्रार करायचा हक्क तू नऊ खंड वाचून मिळवला आहेस. आजीनंही तिचा हक्क असाच मिळवला होता, बालकांडापासून प्रत्येक रात्र देवळात बसून.

तिच्या ओव्या कुणी लिहून घेतल्या नाहीत. पिठाची गिरणी आली, जाती परसात पडली. ऊस घराला भिडला आणि बिबट्याच्या धास्तीनं बायका अंधार पडल्यावर देवळापर्यंत जाईनाशा झाल्या. पोथी लागते, पण दुपारी आणि राज्याभिषेकापर्यंतच. येत्या आषाढीला ती उत्तरकांडापर्यंत न्यावी, त्यागाचा अध्याय झाला की त्याच बैठकीत गावातल्या म्हाताऱ्यांना त्यांच्या ओव्या म्हणू द्याव्यात आणि मोबाईलवर का होईना, रेकॉर्ड करून घ्याव्यात, असं मी देवळातल्या मंडळींपुढे मांडलं आहे. ते विचार करतो म्हणाले. वरच्या आळीतल्या एक काकू लगेच तयार झाल्या. कैकयीच्या चित्राची ओवी त्यांना येते, आणि माझ्या आजीपेक्षा त्यांची चाल वेगळी आहे.