विश्लेषण : बांधकामाचा दर्जा तपासणारा कोणाच्या हाताखाली?

मोडनिंब (ता. माढा) या एका गावात बांधकामाच्या अनेक यंत्रणा भेटतात. पुणे-सोलापूर महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, कुर्डुवाडी-पंढरपूर लोहमार्ग मध्य रेल्वेचा, तर शाळाखोल्या आणि गावरस्ते जिल्हा परिषद व ग्रामपंचायतीकडे. काम बिघडले की चर्चा ठेकेदार आणि सिमेंटपाशी थांबते. दर्जा तपासणारा कोणाला उत्तर देतो, हे क्वचितच विचारले जाते.

दर्जा व्यवस्थापन म्हणजे काय?

काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे ठोकळे ७ आणि २८ दिवसांनी दाबून फोडणे, हे दर्जा नियंत्रण. ते आवश्यकच. पण २८ दिवसांचा निकाल हाती येईपर्यंत त्या कॉलमवर अनेकदा पुढचा स्लॅब पडलेला असतो. व्यवस्थापन त्याआधी सुरू होते. खडी-वाळू कोण पास करणार, मिश्रणातील पाण्यावर कोणाचे लक्ष, सळई तपासल्याशिवाय काँक्रीट ओतू न देण्याचा अधिकार कोणाला, हे त्यात ठरते.

यात रचनेचा संबंध कुठे?

खासगी साइटवर गुणवत्ता अभियंता बहुधा प्रकल्प व्यवस्थापकाच्या हाताखाली असतो आणि व्यवस्थापकाला मुदत गाठायची असते. ‘काम थांबवा’ म्हणणाऱ्याची बढती मुदत पाळणाऱ्याच्या हातात! छोट्या सरकारी कामांत देखरेख आणि मोजमाप पुस्तकातील नोंद बहुतेकदा एकच कनिष्ठ अभियंता करतो. त्यात मार्चअखेर निधी खर्चण्याची घाई. खासगी सहभागाच्या महामार्गांसाठी ‘स्वतंत्र अभियंता’ नेमला जातो. प्राधिकरणाच्या नमुना करारानुसार त्याच्या शुल्काचा निम्मा भार मात्र रस्ता बांधणाऱ्या कंपनीवरच असतो.

मालवणच्या दुर्घटनेतून काय दिसले?

राजकोट किल्ल्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचे अनावरण ४ डिसेंबर २०२३ रोजी झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. प्रकल्प नौदलाच्या देखरेखीखाली, निधी राज्य सरकारचा. नटबोल्ट गंजल्याचे पत्र सार्वजनिक बांधकाम विभागाने नौदलाकडे २० ऑगस्टला पाठवले होते. म्हणजे दोष दिसला होता, तो लिहिलाही गेला होता. पण सहा दिवसांत पुतळा वाचवणारी कृती झाली नाही. दुर्घटनेनंतर जबाबदारी नेमकी कोणाची, यावर वाद सुरू झाला. ते उत्तर आराखड्याबरोबरच ठरायला हवे होते.

चांगला नमुना आहे का?

आहे. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत तपासणी तीन पातळ्यांवर होते. पहिली काम राबवणाऱ्या यंत्रणेची, दुसरी राज्य गुणवत्ता निरीक्षकांची, तिसरी राष्ट्रीय निरीक्षकांची. काम पूर्ण झाल्यावर पाच वर्षे देखभाल ठेकेदाराकडेच राहते. म्हणून सगळे ग्रामीण रस्ते उत्तम झाले असे नाही. पण काम करून घेणारा आणि ते तपासणारा वेगळा असावा, हे तत्त्व त्यात आहे.

मग करायचे काय?

‘एका शाळाखोलीसाठी एवढी माणसे आणायची कुठून?’ हा आक्षेप खरा आहे. अभियंत्यांची पदे रिक्त राहतात. पण त्यासाठी नवा विभाग लागत नाही. माढ्यातील कामाची तपासणी मोहोळच्या आणि मोहोळची माढ्याच्या अभियंत्याने करावी. अहवाल उपअभियंत्याकडे न जाता थेट कार्यकारी अभियंत्याकडे जावा. काम थांबवण्याचा अधिकार कोणाचा, ते कार्यारंभ आदेशातच नावानिशी लिहावे. कामाच्या फलकावर रक्कम आणि ठेकेदाराच्या नावासोबत ठोकळ्यांच्या चाचणीचा निकालही लावावा.

शाळेचा स्लॅब गळू लागतो तेव्हा बिल निघालेले असते, अभियंत्याची बदली झालेली असते आणि मुले त्याच खोलीत बसलेली असतात. म्हणून ग्रामसभेने कामाची रक्कम विचारताना आणखी एक प्रश्न विचारावा : हे काम थांबवू शकणारा माणूस कोण?