मासा मेला नाही, म्हणून पाणी शुद्ध?

नदीत मेलेले मासे तरंगू लागले की आपल्याकडे बातमी होते, पाहणी होते. मासे जिवंत असले की सारे ठीक, असे आपण धरून चालतो. हा समज किती फसवा आहे, हे कॅनडातील एका तलावाने दाखवून दिले.

ऑन्टारियो प्रांतात संशोधनासाठी राखून ठेवलेले काही तलाव आहेत. त्यांतील 260 क्रमांकाच्या तलावात कॅरेन किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 ते 2003 असे तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळ्यांतील कृत्रिम इस्ट्रोजेन मिसळले. प्रमाण किती? लिटरमागे एका ग्रॅमचा पाच-सहा अब्जांश भाग. शहरी सांडपाण्यात एवढे सापडू शकते. तलावातील फॅटहेड मिनो या छोट्या माशांच्या नरांत मादीच्या अंड्यासाठी लागणारे प्रथिन तयार होऊ लागले. काहींच्या वृषणात अंडपेशी दिसल्या. मासे तडफडून मेले नाहीत, पण नवी पिढी जन्मेना. ही जात तलावातून जवळजवळ नाहीशी झाली.

अशी माहिती ‘नराची मादी झाली’ म्हणून चवीने सांगितली जाते आणि दोष गोळी घेणाऱ्या बाईवर ढकलला जातो. मला हे मान्य नाही. नैसर्गिक इस्ट्रोजेन स्त्री, पुरुष, गुरेढोरे अशा सर्वांच्याच मूत्रातून पाण्यात जाते. इंग्लंडमधील एअर नदीत तर लोकर धुण्याच्या कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या डिटर्जंटमधून येणारे नॉनिलफिनॉल माशांना बाधत होते. त्याचा वापर कमी केल्यावर परिणामही घटला. मुले किती आणि केव्हा हवीत, हे ठरवण्याचे बळ गोळीने बाईला दिले. सांडपाणी शुद्ध करण्याची जबाबदारी मात्र नगरपालिकेची आणि कारखान्यांची आहे.

आपल्याकडे नदीची तपासणी मुख्यतः विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी आणि जंतू यांवर होते. ती हवीच, पण इतक्या सूक्ष्म संप्रेरकांचा पत्ता तीतून लागत नाही. त्यातच कितीतरी सांडपाणी प्रक्रियेविनाच नदीत जाते. म्हणून आधी सर्व सांडपाण्यावर प्रक्रिया व्हावी आणि शहरांखालच्या प्रवाहातील नर माशांचीही नियमित तपासणी व्हावी, असे माझे मत आहे.

260 क्रमांकाच्या तलावात इस्ट्रोजेन मिसळणे बंद झाले आणि पुढे काही वर्षांत मिनो पुन्हा वाढले. म्हणजे पाणी सावरते. आपण त्यात घाण ओतणे थांबवले तरच.