फॉर्मॅट मारण्यापूर्वी

विंडोज १० या प्रणालीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आला आणि तेव्हापासून आपल्या व्यवसायात एक चमत्कारिक सुगी सुरू झाली आहे. ज्या डेस्कटॉपांकडे त्यांच्या धन्यांनी वर्षानुवर्षे ढुंकूनही पाहिले नव्हते, ते आता धूळ झटकून दुरुस्तीच्या टेबलावर येऊन बसत आहेत. आणि पतसंस्थेचा व्यवस्थापक काय, अक्षरजुळणी करणारा छापखानेवाला काय किंवा शाळेचा लिपिक काय, प्रत्येकाचा तगादा एकच असतो, की 'यावर अकरा टाकून द्या'. तगादा रास्त आहे, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळेनाशा झालेल्या यंत्रावर लोकांच्या ठेवींचा हिशेब ठेवणे हे कोणत्याही विवेकी माणसास पटण्याजोगे नाही. प्रश्न आहे तो त्याला आपल्याकडून मिळणाऱ्या जबाबाचा. 'मशीन जुने झाले, नवे घ्या' आणि 'फॉर्मॅट मारावा लागेल' ही दोन उत्तरे आज बहुतेक दुकानांतून ग्राहकाच्या हाती ठेवली जातात. ती दोन्ही प्रसंगविशेषी बरोबर असतात हे आम्हांस मान्य आहे. परंतु जो निर्णय तपासाच्या अखेरीस द्यावयाचा तो तपासाला हात लावण्यापूर्वीच देऊन मोकळे होण्याचा जो शिरस्ता आपल्यात पडला आहे, तो आमच्या मते या धंद्याच्या अब्रूला बाध आणणारा आहे. अपग्रेड का अडले हे यंत्र बहुधा स्वतःच नमूद करून ठेवते; ती नोंद वाचल्यावाचून डिस्क पुसणे म्हणजे फिर्यादीची कैफियत न ऐकताच निकाल देणे होय.

प्रथम पात्रतेचा मामला घेऊ. विंडोज ११ ला चौसष्ट-बिट प्रोसेसर, किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूटची सोय असलेले यूईएफआय फर्मवेअर आणि टीपीएम २.० एवढ्या गोष्टी लागतात. प्रोसेसरांची अधिकृत यादी ढोबळमानाने इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासून सुरू होते. म्हणजे २०१८-१९ च्या सुमारास घेतलेले कितीतरी डेस्कटॉप मुळात पात्र आहेत. आणि तरीही 'हा पीसी विंडोज ११ चालवू शकत नाही' असा शेरा पाहून ते भंगाराच्या वाटेला लावले जातात. त्या शेऱ्याचे मूळ पुष्कळदा यंत्राच्या वयात नसून ते प्रथम बसवताना आपल्याच व्यवसायबंधूंनी केलेल्या घाईत असते. बोर्डावर इंटेलचे पीटीटी किंवा एएमडीचे एफटीपीएम असते, पण ते बंद असते. फर्मवेअर यूईएफआय असते, पण सीएसएम चालू ठेवून विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने मारलेले असते. आणि त्यामुळे डिस्कची मांडणी एमबीआर राहून गेलेली असते. 'टीपीएम डॉट एमएससी' आणि 'एमएसइन्फो३२' या दोन आज्ञा देऊन ही सर्व माहिती घटकाभरात डोळ्यांसमोर येते, आणि तेवढाही वेळ ज्याला काढवत नाही त्याने यंत्र अपात्र ठरवण्याच्या भानगडीत पडू नये.

एका पतसंस्थेचा असाच एक डेस्कटॉप नुकताच आमच्या पाहण्यात आला. आय-३ ८१०० प्रोसेसर, एच३१० चा बोर्ड, आठ जीबी मेमरी असे त्याचे स्वरूप. दोन ठिकाणी तो अपात्र ठरलेला. डिस्क एमबीआरची असल्यामुळे ती जीपीटीत बदलणे प्राप्त होते, आणि विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून प्रणालीतच असलेले 'एमबीआर-टू-जीपीटी' हे साधन माहिती न पुसता हे काम करते. पण आधी चाचणी करून पाहता त्याने साफ नकार दिला. कारण उघड होते. आपल्याकडे सी, डी, ई, एफ असे ड्राइव्ह पाडून देण्याची जी जुनी रीत आहे, तीत शेवटचे ड्राइव्ह एक्सटेंडेड पार्टिशनाच्या पोटात लॉजिकल म्हणून जन्मतात, आणि हे साधन लॉजिकल पार्टिशन मुळीच चालवून घेत नाही व प्रायमरीही तीनाहून अधिक असू देत नाही. तेव्हा ई आणि एफमधील मजकूर बाहेरच्या डिस्कवर उतरवून, तो उघडतो याची खातरजमा करून, ते पार्टिशन काढल्यावर चाचणी पार पडली व रूपांतर झाले. पुढे फर्मवेअरमध्ये जाऊन सीएसएम बंद करताच पडदा काळा ठिक्कर! येथे अनेकांचा धीर सुटतो आणि बोर्ड गेला असा पुकारा होतो. वास्तविक त्या यंत्रात कोणीतरी जुने ग्राफिक्स कार्ड खोचून ठेवले होते, आणि ज्या कार्डाच्या अंगी यूईएफआयला समजणारे जीओपी नाही ते सीएसएमवाचून चित्र दाखवू शकत नाही. कार्ड उपसले, मॉनिटरची केबल बोर्डाच्या स्वतःच्या पोर्टास लावली, चित्र आले. मग पीटीटी व सिक्युअर बूट चालू केले आणि तेच यंत्र, तोच प्रोसेसर, पात्रतेच्या तपासणीत निर्वेध उत्तीर्ण झाले.

या सर्व खटाटोपाच्या आधी एक क्षुल्लक वाटणारी तजवीज केलेली असावी, ती म्हणजे सीआर २०३२ चा बटण-सेल बदलण्याची. मरणपंथास लागलेल्या सेलमुळे तारीख मागे जाते आणि प्रमाणपत्रे अवैध ठरून अद्ययावतीकरण अडते, एवढे सर्वांस ठाऊक असते. परंतु सेल संपल्यावर फर्मवेअरची सारी मांडणीही मूळपदावर जाते आणि ज्या बोर्डाचे मूळपद लेगसी आहे, त्यावर जीपीटी झालेली डिस्क सुरूच होत नाही, हे ध्यानात न आल्यामुळे केलेल्या उत्तम कामाचे अपश्रेय पदरी पडते. तसेच, ज्या यंत्रावर बिटलॉकर चालू आहे त्याच्या फर्मवेअरला हात लावण्यापूर्वी ते स्थगित करावे आणि त्याची रिकव्हरी की ग्राहकाच्या हाती लेखी असावी. नाहीतर पुढील आरंभाला यंत्र जी किल्ली मागेल ती कोणाजवळच नसेल.

आता दुसरा आणि अधिक गहन प्रकार: यंत्र पात्र आहे, अपग्रेड सुरूही होते, परंतु मध्येच थबकते आणि 'पूर्वीची प्रणाली परत आणत आहोत' असे म्हणत मागे फिरते. हे मागे फिरणे म्हणजे यंत्राचा लहरीपणा नव्हे. अपग्रेडचे चार टप्पे असतात: चालू विंडोजमधील पूर्वतयारी, सेफ-ओएस, पहिला बूट आणि दुसरा बूट, आणि अपयशाच्या संकेतांकाचा जो दुसरा भाग असतो, त्यातील पहिलाच अंक काम कोणत्या टप्प्यावर मोडले हे सांगतो. '०एक्स सी१९००१०१' याच्या जोडीला '२००१७' असेल तर सेफ-ओएसमध्ये बूट होताना, '३००१८' असेल तर पहिल्या बूटात, '४०००डी' असेल तर दुसऱ्या बूटात माहितीचे स्थलांतर चालू असताना घोटाळा झाला, असा त्याचा अर्थ. 'सी१९००१०१' हा आकडा बहुशः ड्रायव्हरकडे बोट दाखवतो. कोणत्या ड्रायव्हरकडे, ते जाणण्यासाठी सी ड्राइव्हवर डॉलरचिन्हाने सुरू होणारे 'विंडोज डॉट-टिल्डे-बीटी' हे लपवलेले फोल्डर उघडून त्यातील 'सोर्सेस'खाली 'पँथर' आणि 'रोलबॅक' येथील 'सेटअपॲक्ट' व 'सेटअपएर' या नोंदवह्या वाचाव्या लागतात. त्या लांबलचक असतात हे खरे. पण त्या शेवटाकडून मागे वाचीत गेल्यास दोषाची ओळ लवकर सापडते, आणि ज्यांना तेवढेही कष्ट नकोत त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टनेच 'सेटअपडायग' हे विनामूल्य साधन देऊन ठेवले आहे.

नोंद वाचली की उपाय बहुधा साधाच निघतो. जुन्या अँटिव्हायरसचा ड्रायव्हर आडवा आला असेल तर तो नुसता थांबवून भागत नाही, समूळ काढावा लागतो. प्रिंटर, कार्ड-रीडर, डोंगल यांसारखी बाह्य लटांबरे त्या वेळेपुरती काढून ठेवावीत. आरक्षित पार्टिशन अद्ययावत करता आले नाही असा शेरा असेल, तर शंभर एमबीच्या त्या चिमुकल्या जागेत दाटी झाली आहे असे समजावे. तिला तात्पुरते ड्राइव्ह-अक्षर देऊन बूट फोल्डरातील फॉन्ट काढले की पंधरा-एक एमबी मोकळी होतात आणि अडलेले गाडे चालू लागते. डिस्कच आजारी असेल, म्हणजे स्मार्ट-तपासणीत बदली दिलेल्या सेक्टरांचा आकडा वाढता असेल, तर मात्र अपग्रेडचा हट्ट सोडून आधी मजकूर वाचवावा व नवा एसएसडी बसवावा. शिवाय भारनियमनाच्या मुलखात यूपीएसची बॅटरी तपासल्यावाचून हे काम आरंभणे म्हणजे निव्वळ बेफिकिरी.

तथापि नकार देणे हाही कौशल्याचाच भाग आहे, हे सांगितल्यावाचून हे विवेचन एकांगी ठरेल. फॉक्सप्रोमध्ये डॉसच्या काळी लिहिलेल्या हिशेबाच्या प्रणाली आजही काही संस्थांतून बत्तीस-बिट विंडोजवर बिनबोभाट चालू आहेत. विंडोज ११ ची बत्तीस-बिट आवृत्ती नाही, आणि चौसष्ट-बिट विंडोज सोळा-बिट कार्यक्रम चालवीत नाही. बत्तीसवरून चौसष्टवर जाताना तर सारे नव्यानेच बसवावे लागते. छापखान्यातील पेजमेकर, युनिकोडपूर्व मराठी फॉन्ट आणि प्रिंटर-पोर्टात खोचलेले डोंगल यांचाही विचार असाच आधी केला पाहिजे. अशा ठिकाणी जुने यंत्र जाळ्यापासून तोडून त्याच्या एका कामापुरते ठेवणे आणि इंटरनेटसाठी दुसरे वापरणे, हा सल्ला कमी मिळकतीचा असला तरी अधिक सचोटीचा आहे. घरगुती ग्राहकास विंडोज १० च्या २२एच२ आवृत्तीवर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-दुरुस्त्या घेता येतात, हे त्याला सांगितले जाते काय? आणि ज्याचे काम ब्राउझर, पत्रव्यवहार व चित्रपट यांत आटोपते, त्याच्यापुढे लिनक्स मिंट किंवा सी-डॅकचे बॉस हे पर्याय ठेवले जातात काय?

रजिस्ट्रीत फेरफार करून वा रूफसने तयार केलेल्या पेनड्राइव्हने अपात्र यंत्रावर अकरा चढवता येते, हे गुपित राहिलेले नाही. पण अशा यंत्रास पुढील अद्ययावतीकरणाचा हक्क उरत नाही, असे खुद्द कंपनीने बजावले आहे. आणि २४एच२ या आवृत्तीपासून प्रोसेसरात पॉपकाउंट व एसएसई ४.२ यांची सोय नसेल तर प्रणाली सुरूच होत नाही, त्यामुळे कोअर टू ड्युओवर कौतुकाने चढवलेल्या अकराची वाट तेथेच खुंटली. हा मार्ग ग्राहकाच्या संमतीने, धोका समजावून, लेखी दाखला देऊन पत्करला तर त्यास आमची हरकत नाही. ग्राहकाला अंधारात ठेवून पत्करला तर तो विश्वासघात आहे. चोरीच्या प्रतीवर ॲक्टिव्हेटर चालवण्यासाठी डिफेंडर बंद करून ठेवणाऱ्यांनी तर सुरक्षेसाठी अपग्रेड ही भाषाच करू नये.

म्हणून आमची सूचना अशी, की प्रत्येक कार्यशाळेने जॉब-शीटवर निदानाचा स्वतंत्र रकाना काढावा. त्यात बूटची पद्धत, टीपीएमची स्थिती, डिस्कची मांडणी व प्रकृती, अपयशाचा पूर्ण संकेतांक आणि नोंदवहीत सापडलेले कारण एवढे तरी लिहिलेले असावे, आणि त्या निदानाचा मोबदला दुरुस्तीहून वेगळा, बिनदिक्कत आकारावा. आपण निदान फुकट करतो म्हणून ते करीतच नाही, आणि ते करीत नाही म्हणून फॉर्मॅटचे पैसे घेतो, हे दुष्टचक्र तोडण्याचा याहून सरळ उपाय आम्हांस दिसत नाही. वाचक-व्यावसायिकांनी अशा अडलेल्या अपग्रेडांची निदानपत्रे, ग्राहकाचे नावगाव वगळून, आमच्याकडे पाठवावीत. पुढील अंकापासून त्यांतील निवडक निदानपत्रे संकेतांकांच्या क्रमाने प्रसिद्ध करण्यासाठी दोन पृष्ठे राखून ठेवण्यात येत आहेत.