प्रश्न दाटीचा नाही, जमिनीच्या मालकीचा आहे

वाराणसीच्या ब्रह्माघाटाच्या पायऱ्या चढून गल्लीत शिरले की समोरून येणाऱ्याला वाट देण्यासाठी भिंतीला टेकावे लागते. पेशवाईपासून येथे आणि शेजारच्या दुर्गाघाट, पंचगंगा घाट परिसरात मराठी कुटुंबे वसत आली. मधल्या चौकाभोवती उभे राहिलेले उंच वाडे आणि एकेका वाड्यात अनेक बिऱ्हाडे, असे या वस्तीचे रूप आहे. अशा वस्त्यांकडे बोट दाखवून शहाणी मंडळी सांगतात की शहराचा श्वास कोंडला आहे. दाटी हटवा आणि शहराबाहेर प्रशस्त भूखंडांच्या नव्या वसाहती वसवा. या युक्तिवादामागे कोणाचे हितसंबंध उभे आहेत, हे तपासणे आपले कर्तव्य आहे.

जुन्या वस्तीचे गोडवे गाण्याचे आपल्याला कारण नाही. वाड्यांची ही दुनिया जातिव्यवस्थेच्या पायावर उभी होती. अंधाऱ्या खोल्या आणि सामायिक संडास यांना संस्कृती म्हणणे ही श्रमिकांची क्रूर थट्टा आहे. परंतु दाटी कमी करण्याच्या नावाखाली प्रत्यक्षात काय घडते? याच शहरात मार्च २०१९ मध्ये पायाभरणी झालेला आणि डिसेंबर २०२१ मध्ये उद्घाटन झालेला विश्वनाथ धाम प्रकल्प पाहावा. तो ब्रह्माघाटापर्यंत आला नाही. पण सरकारी माहितीनुसारच त्यासाठी तीनशेहून अधिक मालमत्ता घेण्यात आल्या आणि सुमारे १,४०० दुकानदार, भाडेकरू व घरमालकांना हलवावे लागले. मंदिराचे आवार सुमारे तीन हजार चौरस फुटांवरून पाच लाखांवर गेले. दाटी हटली हे खरे. पण मोकळी झालेली जागा राहणाऱ्यांच्या वाट्याला आली नाही. घरमालकाला निदान जमिनीची किंमत मिळते. भाडेकरूला हाती पडलेल्या रकमेत त्याच मोहल्ल्यात पुन्हा खोली मिळणे दुरापास्त असते.

दुसरे टोक शहराबाहेर आहे. उत्तर प्रदेश आवास व विकास परिषदेने पिंडरा भागात ‘काशी द्वार’ ही नगरयोजना प्रस्तावित केली, तेव्हा तेथील शेतकऱ्यांनी जमीन देण्यास विरोध केला. म्हणजे गल्लीतल्या माणसाला उठवायचे आणि त्याला सामावण्याच्या नावाने शेतकऱ्यालाही उठवायचे! अशा योजनेत भूखंडाचा आकार हा निव्वळ तांत्रिक तपशील नसतो. साधा हिशेब करावा. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. निम्मी जागा रस्ते, शाळा, मैदानांना सोडली तर ५,००० उरते. दोनशे मीटरचे भूखंड पाडले तर पंचवीस कुटुंबे. पन्नास मीटरचे पाडले तर शंभर. आणि त्यावर प्रत्येक मजल्यावर एक बिऱ्हाड धरून तीन मजले बांधले तर तीनशे. जितका भूखंड मोठा, तितकी शेतजमीन अधिक जाणार आणि तितका मजूर दूर फेकला जाणार.

मात्र दाटीला दोष देणारे हेच भांडवल मुंबईत दाटीचे स्तोत्र गाते. तेथे वाढीव चटईक्षेत्र हवे, गगनचुंबी मनोरे हवेत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एकेक तृतीयांश वाटा महापालिका व म्हाडा यांना देण्याची तरतूद केली होती. २००१ च्या दुरुस्तीने ती केवळ मोकळ्या जागेपुरती आकसली. गिरणगावात मनोरे उठले आणि ज्यांच्या घामावर गिरण्या चालल्या ते गिरणी कामगार घरासाठी मोर्चे काढत राहिले. काशीत दाटी हा गुन्हा, मुंबईत दाटी हा उद्धार! दोन्हीकडे मोजपट्टी नफ्याचीच आहे.

१८७२ मध्ये घरांच्या प्रश्नावर लिहिताना एंगल्स यांनी दाखवून दिले होते की भांडवलदार वर्ग हा प्रश्न सोडवीत नाही, तो एका जागेवरून दुसऱ्या जागी ढकलतो. आपल्या देशात १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मुंबईसारख्या महानगरात रिकाम्या जमिनीच्या मालकीवर ५०० चौरस मीटरची मर्यादा घातली. पळवाटांनी तो पोखरला गेला. पण पळवाटा बुजवण्याऐवजी कायदाच गाडण्यात आला. केंद्राने तो १९९९ मध्ये रद्द केला, महाराष्ट्राने २००७ मध्ये.

म्हणून नव्या वसाहतींबाबत आपली भूमिका स्पष्ट हवी. भूखंडाच्या आकाराला किमान नव्हे, कमाल मर्यादा हवी. निम्मी घरे तरी श्रमिकांसाठी, परवडणाऱ्या भाड्याची हवीत. जुन्या मोहल्ल्यांत पाडापाडीऐवजी दुरुस्ती, मलनिःसारण आणि उजेड हवा, आणि भाडेकरूला त्याच जागी राहण्याचा कायदेशीर हक्क हवा. शेतकऱ्याच्या संमतीवाचून एक बिघाही घेता कामा नये. गल्लीतला भाडेकरू आणि शिवारातला शेतकरी यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचा डाव हाणून पाडायचा, तर दोघांचा मोर्चा एकच असला पाहिजे.